हॅरिसनचं घड्याळ दुसऱ्याला जमेल का?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, सबमिशनच्या आदल्या रात्री, मी डेव्हा सोबेलचं 'लाँजिट्यूड' एका बैठकीत वाचून काढलं होतं. जर्नल अपुरं राहिलं ते राहिलंच. १९९५ साली आलेलं हे छोटंसं पुस्तक. समुद्रावर रेखांश कसा ओळखायचा हा प्रश्न, तो घड्याळ बनवून सोडवणारा जॉन हॅरिसन नावाचा सुतार, आणि त्याच्या वाटेत दगड टाकणारे खगोलशास्त्रज्ञ, असा मामला. पहाटे साडेतीनला रूममेटला उठवून मी त्याला ही गोष्ट सांगितली होती. तो 'बरं' म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

तेव्हा मी शंभर टक्के हॅरिसनच्या बाजूचा होतो. गेल्या पावसाळ्यात पुस्तक पुन्हा वाचलं आणि पंचाईत झाली. या वेळी मला चक्क बोर्डाचं म्हणणं पटायला लागलं. असं का झालं, यात पुस्तकाचा दोष किती आणि माझा किती, हे शोधायला हा लेख.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडा हिशेब. अक्षांश काढणं तुलनेने सोपं. आपल्या बाजूच्या गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजलं की काम झालं. रेखांशाला असा खुंटा नाही. पृथ्वी फिरते, आकाश सरकतं, आणि पूर्व-पश्चिम आपण कुठे आहोत हे कुठलाच तारा आपणहून सांगत नाही. पण पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, चार मिनिटांना एक. जहाजावर दुपारचे बारा वाजले हे सूर्य सांगतो. त्याच क्षणी आपण निघालो त्या बंदरात किती वाजलेत हे कळलं, तर दोन वेळांतला फरक म्हणजेच रेखांश. आपण रोज टाइमझोनचं जे गणित करतो, तेच उलटीकडून सोडवायचं.

मेख अशी की त्यासाठी बंदराची वेळ महिनोन्महिने सांभाळणारं घड्याळ हवं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चांगली घड्याळं लंबकावर चालत आणि डोलणाऱ्या जहाजावर लंबक काय कामाचा? खिशातली घड्याळं होती, पण ती दिवसाला मिनिटभर इकडेतिकडे सहज जात. उष्ण प्रदेशात धातू फुगतो, स्प्रिंग सैल पडते, तेल पातळ होतं. थंडीत सगळं याच्या उलट.

१७०७ साली इंग्लंडच्या नैऋत्येला सिली बेटांपाशी नौदलाची चार जहाजं खडकांवर फुटली आणि हजाराहून जास्त माणसं बुडाली. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने इनाम जाहीर केलं. वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगणाऱ्याला २०,००० पौंड. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटं. सहा आठवड्यांचा प्रवास धरला तर दिवसाला तीन सेकंदांहून कमी चूक. त्या काळच्या खिशातल्या घड्याळांसमोर ही अट जवळजवळ विनोद होती.

सोबेल हे सगळं इतकं सोपं करून सांगते की आपण हुशार असल्यासारखं वाटायला लागतं. ही तिची खरी ताकद. प्रकरणं छोटी, वाक्यं नेमकी, आणि यंत्राबद्दलचं प्रेम लपवलेलं नाही. शेवटी ग्रीनिचला हॅरिसनची घड्याळं समोर पाहून आपले डोळे भरून आले, असं ती सांगते. तिथे माझेही आले होते. आजही मी हे पुस्तक लोकांना देतो. फक्त सोबत तोंडी सूचनाही देतो.

हॅरिसनची कारागिरी ही या गोष्टीची मजबूत बाजू, तिथे जरा थांबायलाच हवं. यॉर्कशरमध्ये १६९३ साली जन्मलेला सुताराचा मुलगा. सुरुवातीला त्याने घड्याळं लाकडाची केली. ज्या भागांत घर्षण होतं तिथे लिग्नम व्हिटे नावाचं अंगचं तेल असलेलं लाकूड वापरलं, म्हणजे बाहेरून तेल घालायलाच नको. तेल हाच शत्रू असेल तर तेलच काढून टाका, हा विचार मला अजूनही थक्क करतो. बग दुरुस्त करण्याऐवजी बग जिथे राहतो ती खोलीच पाडायची.

१७३५ मध्ये त्याचं पहिलं सागरी घड्याळ झालं. त्याला आता 'एच-वन' म्हणतात. वजन सुमारे ३४ किलो. लंबकाऐवजी एकमेकांना जोडलेले दोन डोलणारे दांडे, जेणेकरून जहाजाने एकाला ढकललं तर दुसरा ते फेडेल. पुढच्याच वर्षी लिस्बनच्या सफरीत ते चांगलं चाललं. १७३७ मध्ये बोर्डासमोर उभं राहिल्यावर मात्र हॅरिसनने स्वतःच त्याच्यातल्या उणिवा सांगितल्या आणि दुसरं बनवायला पैसे मागितले. बोर्डाने ते दिले. दुसऱ्यावरही तो खूश नव्हता. तिसऱ्याला लागली १९ वर्षं. भाग ७५३. त्यात त्याने पितळ आणि पोलाद एकत्र जोडलेली पट्टी वापरली. तापमान बदललं की दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि चूक भरून निघते. तुमच्या घरातली इस्त्री तापल्यावर 'टिक' करून बंद होते, त्यामागेही अशीच पट्टी असते. बेअरिंगमधले रोळ पिंजऱ्यात एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची युक्तीही याच घड्याळातली.

आणि १९ वर्षांनंतर त्याने हे सगळं बाजूला ठेवलं. १७५३ मध्ये जॉन जेफरीज या लंडनच्या घड्याळजीने हॅरिसनच्या सूचनांवरून त्याच्यासाठी एक खिशातलं घड्याळ बनवलं होतं. ते अपेक्षेपेक्षा फारच चांगलं चालू लागलं. हॅरिसनच्या लक्षात आलं की मोठं आणि संथ यंत्र जहाजाच्या संथ हेलकाव्यांशी झगडत राहतं, तर लहान, जोरकस आणि भराभर डोलणारं चक्र त्यांना जुमानत नाही. १७५९ मध्ये झालेलं 'एच-फोर' १३ सेंटिमीटर व्यासाचं आणि दीड किलोच्या आतलं आहे. सेकंदाला पाच ठोके. आयुष्याची दोन दशकं ज्या आर्किटेक्चरमध्ये घातली ते चुकीचं आहे हे साठीच्या उंबरठ्यावर मान्य करायचं! मी तर दोन आठवड्यांची ब्रँच डिलीट करताना रडवेला होतो.

इथपर्यंत मी सोबेलच्या पूर्ण बरोबर आहे. वाद पुढे आहे.

१७६१-६२ मध्ये हॅरिसनचा मुलगा विल्यम एच-फोर घेऊन जमैकाला गेला. ८१ दिवसांनी चूक निघाली पाच सेकंदांच्या आसपास. इनाम द्यायला हवं होतं की नाही? पुस्तक वाचताना आपण टेबलावर मूठ आपटतो. बोर्ड म्हणालं, एका सफरीचा निकाल योगायोग असू शकतो, शिवाय जमैकाचा रेखांशच अजून खात्रीने माहीत नाही. १७६४ मध्ये बार्बाडोसला दुसरी सफर झाली. एच-फोरची चूक ३९ सेकंदांच्या आसपास आली, म्हणजे मैलांत दहाच्या आत आणि इनामाच्या अटीपेक्षा तिपटीने सरस. यानंतर १७६५ मध्ये कायदा बदलला. अर्धे पैसे, म्हणजे १०,००० पौंड, घड्याळाची रचना उघड करून समजावून सांगितल्यावर. उरलेले अर्धे, दुसरे घड्याळजीही असं घड्याळ बनवू शकतात हे सिद्ध झाल्यावर.

पुस्तकात हा विश्वासघात आहे. धावपटू फितीपाशी पोचला आणि कोणीतरी फीत उचलून पुढे नेली. हॅरिसनलाही तसंच वाटलं. वयाच्या सत्तरीत माणसाला तसं वाटणारच.

आता माझी गोष्ट, थोडक्यात. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीत मी एक मॉड्यूल लिहिलं होतं. रात्री अडीचला चालायचं, वेगवेगळ्या टाइमझोनमधल्या व्यवहारांचा ताळमेळ लावायचं. दीड वर्षात एकदाही पडलं नाही. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हतो. टीममधल्या एका सीनियरने त्याचं डॉक्युमेंटेशन मागितलं. मी म्हटलं, "चालतंय ना? मग?" ती म्हणाली, "तू रविवारी ट्रेकला गेलास आणि पाय मोडून घेतलास, तर सोमवारी हे कोण बघणार?" मी तिला (आता लाज वाटते) हॅरिसनची गोष्ट ऐकवली. समित्या कशा असतात वगैरे. तिने वाद घातला नाही. मी नाखुशीने लिहिलेल्या दोन पानांच्या नोंदी एका नव्या मुलाला दिल्या आणि सांगितलं की यावरून हे दुसऱ्या मशीनवर उभं करून दाखव. चार दिवस तो झगडला. जमलं नाही. दोन ठिकाणी मी हाताने जुळवलेले आकडे होते. ते तिथे का आहेत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर एकाचं कारण मलाही आठवत नव्हतं.

म्हणून दुसऱ्यांदा वाचताना १७६५ च्या अटीपाशी माझी मूठ टेबलावर आपटली नाही. मुळात संसदेला एक घड्याळ नको होतं. १७१४ च्या कायद्यातच पद्धत समुद्रावर व्यवहार्य आणि उपयोगी असावी असं म्हटलेलं होतं. जहाजं शेकडो होती. एकाच माणसाच्या हातून, एकाच घरात, वर्षानुवर्षांनी एक नग निघत असेल, तर तो चमत्कार झाला. रेखांशाचा प्रश्न त्याने सुटत नाही. 'दुसऱ्याला जमेल का?' हा प्रश्न छळासाठी विचारला गेला असेलही, पण प्रश्न म्हणून तो बरोबर होता. सोबेलच्या पुस्तकात तो प्रश्न म्हणून कधी येतच नाही, अडथळा म्हणूनच येतो. माझी मुख्य तक्रार ही.

हॅरिसनची भीती खोटी होती असंही नाही. १७६५ च्या ऑगस्टमध्ये लंडनमधल्या त्याच्या घरी तज्ज्ञांसमोर त्याने एच-फोर उलगडून दाखवलं. त्यांच्यातलाच एक, थॉमस मज हा नामांकित घड्याळजी, पुढच्या वर्षी फ्रान्सच्या फर्दिनां बेर्थूबरोबर जेवताना बरंच काही बोलून गेला. आजच्या भाषेत एनडीए मोडला. पेटंटचं नीट संरक्षण नसताना सगळं उघड करायला सांगणं किती जोखमीचं, हे सोबेल चांगलं दाखवते. पण कारागिरांच्या जगात गुपित हीच पुंजी असते आणि सार्वजनिक पैशाच्या जगात गुपित हाच दोष, ही खरी टक्कर तिला दिसत नाही. तिला दिसतो एक दुष्ट माणूस.

तो म्हणजे नेव्हिल मॅस्कलिन. १७६५ पासून राजज्योतिषी, म्हणजे ग्रीनिच वेधशाळेचा प्रमुख, आणि त्यामुळे बोर्डाचा सदस्य. गोष्टीत नायक असला की खलनायकही हवा, अशा आशयाचं सोबेल स्वतःच लिहिते आणि मग त्याला पुढे करते. लगेच थोडी सारवासारवही करते, पण वाचकाच्या मनात शिक्का बसायचा तो बसतो. मॅस्कलिन चंद्राच्या पद्धतीचा पुरस्कर्ता. ही पद्धत मराठी वाचकाला समजायला सोपी आहे, कारण आपल्या घरात भिंतीवर 'आजचं नक्षत्र' लिहिलेलं असतं. चंद्र ताऱ्यांमधून सरकत जातो, रोज साधारण एक नक्षत्र, म्हणजे तेराएक अंश. तर आकाश ही तबकडी आणि चंद्र हा काटा. चंद्र आणि एखादा तारा यांच्यातलं अंतर मोजायचं आणि ग्रीनिचला हे अंतर किती वाजता दिसणार होतं ते कोष्टकात बघायचं. हे घड्याळ बिघडत नाही, त्याला चावी द्यावी लागत नाही, आणि ते सगळ्या जहाजांना फुकट दिसतं. अडचण एवढीच की काटा फार हळू चालतो, तासाला स्वतःच्याच रुंदीइतका, त्यामुळे मोजमापातली बारीक चूकही महागात पडते. शिवाय गणित किचकट. कोष्टकं नसताना एका निरीक्षणामागे चार तास जात.

मॅस्कलिनने ते चार तास अर्ध्या तासावर आणले. त्याच्या नॉटिकल अल्मनॅकचा पहिला अंक १७६७ सालासाठीचा. यातली आकडेमोड कोण करत होतं? गावोगावी घरी बसलेली माणसं. तेव्हा 'कम्प्यूटर' हे माणसांचंच नाव होतं. एकच गणित दोघांना वेगवेगळं करायला द्यायचं आणि तिसऱ्याने दोन्ही उत्तरं ताडून बघायची, अशी त्याची व्यवस्था होती. दोन जण एकमेकांची उत्तरं उतरवताना सापडले तेव्हा त्यांना काढून टाकलं. लडलो गावची मेरी एडवर्ड्स बराच काळ नवऱ्याच्या नावावर हे काम करत होती. नवरा वारल्यावर तिने ते स्वतःच्या नावाने चालू ठेवलं, आणि पुढे तिच्या मुलीने. डिस्ट्रिब्यूटेड सिस्टीम, रिडंडन्सी, कोड रिव्ह्यू, सगळं यात आहे आणि विजेचा दिवासुद्धा नाही. अशी माणसं हाताशी असताना सोबेलने त्यांच्या घरात फारसं डोकावू नये, याचं मला वाईट वाटतं. एकट्या प्रतिभावंताच्या गोष्टीत अशा लोकांना जागा होत नाही.

'एकटा प्रतिभावंत' हे शब्द मी घुसडत नाहीये, ते पुस्तकाच्या उपशीर्षकातच आहेत. आणि गंमत म्हणजे पुस्तकातलीच माहिती त्यांना खोडून काढते. तरुण हॅरिसन लंडनला आला तेव्हा एडमंड हॅली (हो, धूमकेतूवाला) त्याला जॉर्ज ग्रॅहमकडे पाठवतो. देशातला सर्वोत्तम घड्याळजी सकाळपासून रात्रीपर्यंत या अनोळखी सुताराशी बोलत बसतो आणि बिनव्याजी पैसे उसने देतो. बोर्ड वीसेक वर्षं अनुदान देत राहतं. जेफरीजच्या घड्याळावरून एच-फोरची दिशा सापडते. आणि एच-फोरची पहिली नक्कल करणारा लार्कम केंडल हा जेफरीजच्याच हाताखाली शिकलेला. म्हणजे ही एका आळीची गोष्ट आहे. दिवे तिने फक्त एका घरात लावले आहेत.

केंडलची नक्कल म्हणजे खरी परीक्षा. ती १७६९ मध्ये पूर्ण झाली, किंमत ४५० पौंड. १७७२ मध्ये कॅप्टन कुक ती घेऊन दक्षिण समुद्रात गेला आणि तीन वर्षांनी परतला तो तिचं कौतुक करतच. त्याच जहाजांवर जॉन अर्नॉल्डने बनवलेली तीन स्वस्त घड्याळंही होती. ती चालली नाहीत. म्हणजे हॅरिसनची रचना दुसऱ्याच्या हातून उतरू शकते हे सिद्ध झालं, पण कोणाच्या हातून आणि काय भावात? चांगला सेक्स्टंट आणि चंद्राची कोष्टकं वीसेक पौंडांत मिळायची. केंडलने पुढे किंमत उतरवायला एच-फोरमधली एक महत्त्वाची यंत्रणा गाळून दुसरं घड्याळ बनवलं. २०० पौंड. मग तिसरं, १०० पौंड. किंमत उतरली तशी अचूकताही.

प्रश्न खरा सुटला तो हॅरिसनची रचना बाजूला ठेवून. फ्रान्समध्ये प्येर ल रॉयने १७६६ पर्यंत असं यंत्र दाखवलं होतं की डोलणारं चक्र बहुतेक वेळ मोकळं राहील, चाकांशी त्याचा संबंध क्षणभरच येईल. तापमानाची भरपाईही त्या चक्रातच. पुढे अर्नॉल्ड आणि टॉमस अर्नशॉ यांनी या धर्तीवर साधी, कमी भागांची आणि अनेक कारागिरांमध्ये काम वाटून बनवता येणारी घड्याळं काढली. भाव शंभराच्या खाली आला. कुकच्या जहाजावर ज्याची घड्याळं बंद पडली, त्याच अर्नॉल्डची घड्याळं काही वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीचे कप्तान विकत घेत होते. १८३१ मध्ये डार्विनला घेऊन निघालेल्या बीगल जहाजावर २२ क्रोनोमीटर होते. सोबेल यातलं बरंच सांगते, पण शेवटच्या आधीच्या प्रकरणात, नायकाचा वारसा म्हणून. माझ्या मते घड्याळजींचा इतिहास लिहायचा तर हे प्रकरण मध्यभागी हवं होतं. 'हे शक्य आहे' हे हॅरिसनने दाखवलं, हे निर्विवाद. शक्य आहे हे कळल्यावरच बाकीचे कामाला लागतात. पण शक्य ते परवडणारं करणं ही वेगळी प्रतिभा आहे आणि तिला सहसा पुतळा मिळत नाही.

आणखी एक-दोन खटकणाऱ्या गोष्टी पटकन. पुस्तकाला तळटीपा नाहीत. सिलीच्या अपघाताआधी रेखांशाबद्दल सावध करणाऱ्या एका खलाशाला अॅडमिरलने फाशी दिलं, ही गोष्ट सोबेल घडलेली घटना म्हणून रंगवते, आणि तिला समकालीन पुरावा नाही. आणि ही जहाजं जमैका-बार्बाडोसला का जात होती? ऊस, साखर आणि गुलाम. अचूक रेखांशाची निकड कोणाला होती, हा प्रश्न पुस्तकाच्या आसपाससुद्धा फिरकत नाही. २०१४ मध्ये कायद्याला ३०० वर्षं झाली तेव्हा ग्रीनिचच्या संग्रहालयाने प्रदर्शन भरवलं आणि त्यासोबत रिचर्ड डन व रेबेका हिगिट यांचं पुस्तक आलं. त्यात मॅस्कलिन, बोर्ड आणि इतर कारागीर यांना त्यांची जागा परत मिळाली आहे. सोबेलइतकं ते झरझर वाचून होत नाही. त्याला इलाज नाही.

या सगळ्यात एक उपरोध आहे. तो सोबेलही मान्य करते, पण ओझरता. जगाने शून्य रेखांश म्हणून ग्रीनिच का निवडलं? मॅस्कलिनची कोष्टकं ग्रीनिचच्या वेळेवर बेतलेली होती. पिढ्यानपिढ्या खलाशी ती वापरत राहिले, आणि १८८४ मध्ये वॉशिंग्टनला परिषद बसली तेव्हा बहुतेक जहाजं ग्रीनिचवरूनच मोजत होती. तिथून निघालेली रेघ थेट आपल्या मनगटावर येते. मुंबईचा रेखांश ७२.८ अंश, म्हणून मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारली, तीही बंदरातल्या जहाजांना वेळ पुरवण्याच्या हेतूने. मग १९०६ मध्ये ८२.५ अंशांवरची प्रमाणवेळ आली. फरक ९.७ अंशांचा, गुणिले चार, म्हणजे ३९ मिनिटं. गिरणी कामगारांनी काम थांबवलं, दगडफेक झाली. घड्याळ ३९ मिनिटं पुढे गेलं म्हणजे भोंगा तेवढा आधी वाजणार आणि झोप तेवढी कमी होणार, हे समजायला त्यांना गोलीय त्रिकोणमितीची गरज नव्हती. मुंबई महापालिका आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत धरून बसली होती. आज मी कोडमध्ये 'एशिया/कोलकाता' लिहितो. मुंबईसाठी वेगळी नोंद नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा आजोबांचं एचएमटी जनता दुरुस्तीला टाकलं होतं. चावीचं, १७ ज्वेलचं. आमच्या स्टेशनबाहेरचे घड्याळवाले काका डोळ्याला भिंग लावून म्हणाले, बॅलन्सची दांडी मोडली आहे. मी विचारलं, "आता पार्ट मिळतो?" त्यांनी बिस्किटांचा एक जुना डबा उघडला. आत मेलेली जनता घड्याळं, पन्नासेक तरी. दोन उघडून बघितली, तिसऱ्यातली दांडी काढली आणि आजोबांच्या घड्याळात बसवली. बसली. "कुणाची होती ही?" मी विचारलं. "कुणाला माहीत," ते म्हणाले. तेही घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं, एच-फोरइतकेच. एच-फोरचा भाग मात्र दुसऱ्या कुठल्याही घड्याळातून काढून बसवता आला नसता. तो टप्पा यायला एकोणिसाव्या शतकातले अमेरिकेतले वॉल्थमसारखे कारखाने यावे लागले, आणि आपल्याकडे बंगळूरला १९६०च्या दशकात जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झालेला एचएमटीचा.

हॅरिसनचा शेवट राहिला. १७७३ मध्ये राजाने मध्यस्थी केल्यावर संसदेने त्याला आणखी ८,७५० पौंड दिले. आयुष्यभरात मिळालेली एकूण रक्कम २३,००० पौंडांच्या वर गेली, पण इनाम म्हणून नाही. ते कोणालाच मिळालं नाही. १७७५ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने आपल्या पद्धतीवर एक पुस्तिका काढली. तिची वाक्यं पानपान लांब, मुद्दे सांडलेले, मॅस्कलिनवर आगपाखड. त्यातच एक दावा: आपल्या पद्धतीचं लंबकाचं घड्याळ १०० दिवसांत एका सेकंदाच्या आत राहील. लोकांनी म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून दिलं. १९७०च्या दशकात मार्टिन बर्जेस या घड्याळजीने त्या पुस्तिकेतलं म्हणणं गांभीर्याने घेऊन घड्याळ बनवायला घेतलं. काही दशकांनी दुसऱ्यांनी ते पूर्ण केलं. ग्रीनिचच्या वेधशाळेत ते पारदर्शक पेटीत सीलबंद करून तपासलं गेलं आणि २०१५ मध्ये निकाल जाहीर झाला. १०० दिवसांत चूक सेकंदाच्या पाच अष्टमांश.

म्हणजे म्हाताऱ्याचं बरोबर होतं. २४० वर्षं कोणाला कळलं नाही, कारण त्याने लिहिलेलं कोणाला वाचता येत नव्हतं.

माझ्या त्या मॉड्यूलचं डॉक्युमेंटेशन शेवटी २३ पानांचं झालं. तो नवा मुलगाच आता ते सांभाळतो. मागच्या महिन्यात त्याने माझ्या हाताने जुळवलेल्या दोन आकड्यांपैकी एक काढून टाकला आणि काहीच बिघडलं नाही. दुसरा अजून आहे.

आजोबांचं घड्याळ दिवसाला ४० सेकंद पुढे जातं. काका म्हणाले, आठवडाभर वापरा, मग बघू.